एपीए मांडणी पुन्हा पुन्हा का बिघडते? वर्ड, जुने फाँट आणि मराठी संदर्भ यांचा गुंता सोडवताना

‘मांडणी एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार दुरुस्त करून निबंध पुन्हा पाठवावा.’ एपीए म्हणजे शोधनिबंधाची मांडणी आणि संदर्भ कसे लिहावेत याचे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे नियम. आशयाबद्दल एक शब्द नाही, संशोधनपद्धतीवर आक्षेप नाही, आणि तरी निबंध परत. समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य अशा विषयांत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला ही ओळ फार वेळा येते. माझा पहिला निबंध एका नियतकालिकाने याच कारणासाठी तीनदा परत पाठवला होता. दर वेळी दोन-दोन रात्री बसून मी सगळं सरळ केलं, आणि दर वेळी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की शीर्षकं सरकलेली आणि संदर्भसूची विस्कटलेली असायची. पुढे विभागातल्या संशोधक विद्यार्थ्यांचे निबंध पाठवण्याआधी मी तपासून द्यायला लागलो, तेव्हा कळलं की सगळ्यांचं दुखणं तेच आहे आणि त्याची कारणंही ठरलेली आहेत.

नियम माहीत नसणं हे त्यातलं सगळ्यात लहान कारण. मांडणी हाताने केलेली असते, वर्डच्या स्टाइलमध्ये बांधलेली नसते, हे पहिलं मोठं कारण. दुसरं म्हणजे इंग्रजी नावांसाठी बनलेल्या साच्यात आपली मराठी पुस्तकं, मराठी नावं आणि शासन निर्णय जसेच्या तसे कोंबले जातात. यातलं पहिलं एका दुपारीत सुटतं. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि माझ्या मते तो द्यायलाच हवा. मराठी संदर्भ नीट लिहिला गेला नाही तर वाचकाला तो सापडत नाही, आणि न सापडणारा संदर्भ असून नसल्यासारखा.

‘सगळं नियमाप्रमाणे केलं, तरी चूक म्हणतात’

आधी तुम्ही कोणत्या आवृत्तीचे नियम पाळताय ते बघा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या या नियमांची सुरुवात १९२९ साली एका सात पानी लेखाने झाली. सहावी आवृत्ती २००९ साली आली आणि सातवी ऑक्टोबर २०१९ मध्ये. पण विभागात हातोहात फिरणाऱ्या झेरॉक्स आणि कार्यशाळांमधल्या पीडीएफ अजून बऱ्याचदा सहावीच्याच असतात. वर्डच्या ‘रेफरन्सेस’ टॅबमधल्या स्टाइलच्या यादीतही अनेक संगणकांवर सहावीच दिसते. तिच्यावर विसंबून सूची केली की प्रामाणिकपणे केलेलं काम जुन्या नियमाचं ठरतं.

खुणा सांगतो. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकाच्या आधी शहर आलंय, म्हणजे ‘पुणे:’ किंवा ‘न्यू दिल्ली:’ असं काही, तर ती सहावी. सातवीने शहर काढून टाकलं. दुव्याच्या आधी ‘रिट्रीव्हड फ्रॉम’ आलंय, तीही बहुतेक सहावीच. सातवीत हे शब्द फक्त तेव्हाच येतात, जेव्हा मजकूर सतत बदलणारा असतो आणि आपण तो कोणत्या तारखेला पाहिला हे सांगणं गरजेचं असतं. डीओआय, म्हणजे लेखाला मिळालेला कायमचा डिजिटल क्रमांक, आता संपूर्ण दुवा म्हणून लिहायचा, आधी ‘डीओआय’ हा शब्द लावायचा नाही. तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं आडनाव आणि ‘एट अल’ (आणि इतर). सूचीत मात्र वीसपर्यंत सगळ्या लेखकांची नावं द्यायची. एकवीस किंवा जास्त असतील तर पहिले एकोणीस, मग तीन टिंबं, मग शेवटचा. ‘रनिंग हेड’ हे दोन शब्द पहिल्या पानावरून गेले. विद्यार्थी म्हणून वर्गासाठी किंवा अभ्यासक्रमासाठी लिहीत असाल तर तो छोटा शीर्षकपट्टाच लागत नाही, फक्त वर उजवीकडे पानाचा क्रमांक. नियतकालिकाला पाठवताना पट्टा लागतो, तो ५० अक्षरांच्या आत, मधल्या मोकळ्या जागा धरून.

यातल्या दोन खुणा जरी तुमच्या निबंधात सापडल्या तरी एकेक नोंद दुरुस्त करत बसू नका. मुळातली स्टाइलच बदला.

‘माझ्या संगणकावर नीट दिसतं, मार्गदर्शकांकडे उघडलं की विस्कटतं’

फाइल उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा. एरवी लपलेल्या खुणा दिसायला लागतील. शब्दांमध्ये टिंबांची रांग दिसली तर तिथे स्पेसबार दाबून मजकूर ढकललेला आहे. बाण दिसला तर टॅब. परिच्छेदाच्या चार-पाच खुणा एकाखाली एक दिसल्या तर पुढच्या पानावर जाण्यासाठी एंटर मारत नेलंय. संदर्भसूचीतला नेहमीचा प्रकार म्हणजे पहिली ओळ संपली की एंटर, मग टॅब, मग उरलेली नोंद. दुसरी ओळ आत सरकलेली दिसते खरी, पण फाँट किंवा समास थोडा जरी बदलला तरी वाक्य अर्ध्यात तुटून खाली पडतं.

दुरुस्ती अशी. फाइलची प्रत करून घ्या, मूळ फाइलला हात लावू नका. शोधा-बदला खिडकीत ‘स्पेशल’ बटण असतं, त्यातून टॅब आणि हाताने तोडलेल्या ओळी निवडून काढता येतात. नोंदींच्या मध्ये पडलेले एंटर मात्र एकेक बघूनच काढा, घाईने सगळे एकदम काढले तर पूर्ण सूची एकच परिच्छेद होते. मग सगळी सूची निवडून कंट्रोल आणि टी दाबा. पहिली ओळ समासाला चिकटून राहील आणि बाकीच्या १.२७ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा इंच आत जातील. नवीन पानासाठी कंट्रोल आणि एंटर.

खरा उपाय मात्र स्टाइलमध्ये आहे. बहुतेकजण ‘नॉर्मल’ स्टाइल उघडून तिथेच सगळं ठरवून टाकतात: टाइम्स न्यू रोमन १२, दुहेरी अंतर, पहिली ओळ अर्धा इंच आत. इथे नवी अडचण तयार होते. वर्डमधल्या जवळजवळ सगळ्या स्टाइल ‘नॉर्मल’वरून जन्मतात. मग तक्त्याच्या रकान्यांतही पहिली ओळ आत सरकते, मुखपृष्ठावरचं नाव मध्यभागापासून ढळतं, पानाचा क्रमांकही हलतो. म्हणून ‘नॉर्मल’मध्ये फक्त फाँट, आकार, दुहेरी अंतर आणि परिच्छेदाआधी-नंतरचं अंतर शून्य एवढंच ठेवा. हे शून्य विसरू नका. वर्ड स्वतःहून परिच्छेदानंतर थोडी जागा सोडतो, आणि तपासणारे तीच चूक सगळ्यात आधी पकडतात. पहिली ओळ आत सरकवण्याचं काम ‘बॉडी टेक्स्ट’ला द्या आणि सगळा मजकूर त्या स्टाइलमध्ये टाका. सूचीसाठी ‘बिब्लिओग्राफी’ स्टाइल बदला. झोटेरो हे संदर्भ साठवून सूची तयार करणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही हीच स्टाइल वापरतं, त्यामुळे सूची ताजी झाली तरी तुमची मांडणी टिकते. समास चारही बाजूंनी २.५४ सेंटिमीटर.

शीर्षकांच्या पाच पातळ्या आहेत, पण निबंधाला सहसा तीन पुरतात. पहिली मध्यभागी ठळक, दुसरी डावीकडे ठळक, तिसरी डावीकडे ठळक आणि तिरपी. चौथी-पाचवी लागलीच तर शीर्षक परिच्छेदाच्या ओळीतच बसतं, शेवटी पूर्णविराम देऊन मजकूर तिथूनच पुढे चालू होतो. वर्डमध्ये शीर्षकाची स्टाइल पूर्ण परिच्छेदाला लागते आणि मजकूरही ठळक होऊन बसतो. त्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एंटर हा उपाय आहे. त्याने एकाच ओळीत दोन स्टाइल राहू शकतात.

आपल्या प्रबंधांच्या सवयीतून येणाऱ्या दोन चुकाही इथेच सांगतो. एपीएमध्ये शीर्षकांना १.१, १.२ असे क्रमांक देत नाहीत. आणि ‘प्रस्तावना’ असं शीर्षकही देत नाहीत. मजकुराच्या पहिल्या पानावर निबंधाचं नाव ठळक अक्षरांत पुन्हा येतं आणि त्याखाली थेट सुरुवात होते.

मेलमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून उचललेला मजकूर चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडा. बाहेरचा एक परिच्छेद स्वतःबरोबर स्वतःची मांडणी घेऊन येतो. एखादा परिच्छेद काही केल्या ऐकत नसेल तर तो निवडून कंट्रोल आणि क्यू, मग कंट्रोल आणि स्पेसबार. पहिल्याने परिच्छेदावरची हाताने केलेली मांडणी निघते, दुसऱ्याने अक्षरांवरची. तिरपा टाईपही त्यात जातो, म्हणून संदर्भसूचीवर हे करू नका.

‘फाँट बदलला आणि मुलाखतींची अक्षरंच गेली’

हा प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. क्षेत्रकार्यातल्या मुलाखती टायपिंग केंद्रावर टाईप करून घेतलेल्या, निबंध इंग्रजीत, मध्ये मध्ये मराठी उतारे. सादर करण्याच्या आदल्या दिवशी सगळी फाइल निवडून टाइम्स न्यू रोमन केली, आणि बायकांनी सांगितलेले अनुभव एका क्षणात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन बसले. ती मुलगी रडकुंडीला आली होती.

मजकूर गेलेला नसतो. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी फाइलमध्ये साठवलेलं अक्षर रोमनच असतं. फाँट फक्त त्याला ‘क’चा चेहरा चढवतो. फाँट काढला की चेहरा उतरतो. घाबरू नका आणि फाइल जतन करू नका, कंट्रोल आणि झेडने मागे या. जतन झालीच असेल तर ते उतारे निवडून जुना फाँट पुन्हा लावा, मराठी परत दिसेल. मग प्रत्येक उतारा वेगळ्या फाइलमध्ये घेऊन युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. त्यासाठी परिवर्तकं मिळतात, पण तुमच्या नेमक्या फाँटाचं हवं, कारण एका फाँटाचा नकाशा दुसऱ्याला लागू पडत नाही.

बदलल्यावर मजकूर डोळ्याखालून घालणं अटळ आहे. रफार, पहिली वेलांटी, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ ही जोडाक्षरं, अवतरणचिन्हं आणि आकडे इथे चुका होतात. ‘कार्य’चं ‘कायर्’ झालेलं मी अनेक निबंधांत पाहिलंय. हे मुलाखत देणाऱ्या माणसाचे शब्द आहेत, ते आपल्या फाँटापायी बिघडलेले छापले जाऊ नयेत.

‘मराठी शब्द आला की तेवढीच ओळ उंच होते’

युनिकोड मराठीतही एक अडचण उरतेच. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फाँट व आकार वेगळा सांभाळतो. तुम्ही टाइम्स न्यू रोमन १२ निवडता ते फक्त रोमन अक्षरांना लागतं, मराठी शब्द मंगल किंवा निर्मलामध्ये, वेगळ्याच आकारात राहतो. स्टाइल बदलताना फाँटची पूर्ण खिडकी उघडा. तिथे खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा वेगळा रकाना असतो, त्यात देवनागरी फाँट आणि आकार ठरवा. रकाना दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडलेली नसते, ती जोडा.

दुहेरी अंतर हे फाँटाच्या स्वतःच्या उंचीवरून मोजलं जातं. वेलांट्या-मात्रा आणि उकार यांच्यासाठी देवनागरी फाँट वर-खाली जास्त जागा धरतो, म्हणून मराठी शब्द असलेली ओळ उंच होते. ज्या परिच्छेदांत मराठी शब्द आहेत तिथे अंतर ‘एक्झॅक्टली’ करून २८ पॉइंट द्या. टाइम्स न्यू रोमन १२चं दुहेरी अंतर साधारण तेवढंच भरतं. मात्र आकार वाढवलात तर मात्रा कापल्या जातील, तेव्हा छापून एकदा बघा.

संदर्भसूची: इथे थांबा

सूचीतल्या चुका सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तपासल्या जाणाऱ्या. मी कोणताही निबंध हातात घेतला की आधी सूचीच उघडतो.

झोटेरोत ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’ ही नोंद आली की सूचीत ती ‘इंडिया, जी. ऑफ’ अशी दिसते. ‘गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र’चं ‘महाराष्ट्र, जी. ऑफ’ होतं. शेवटचा शब्द आडनाव समजला जातो. लेखकाच्या रकान्याशेजारी एक छोटं बटण आहे, त्याने दोन रकान्यांचा एक रकाना होतो. संस्था लेखक असेल तिथे नेहमी एकच रकाना. शिवाय सातवीत जो विभाग प्रत्यक्ष जबाबदार आहे तो लेखक आणि त्याच्या वरची संस्था प्रकाशक. म्हणजे उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शासन निर्णय असेल तर लेखक तो विभाग, प्रकाशक महाराष्ट्र शासन, आणि निर्णयाचा क्रमांक शीर्षकानंतर कंसात. लेखक आणि प्रकाशक एकच असतील तर प्रकाशक लिहायचा नाही.

व्यक्तींच्या नावांत आपली तीन पदरी रचना गोंधळ घालते: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. आडनाव आधी, मग दोन्ही आद्याक्षरं. विठ्ठल रामजी शिंदे हे ‘शिंदे, व्ही. आर.’ होतात. महर्षी, डॉ., प्रा., संत, लोकमान्य यांपैकी काहीही नोंदीत येत नाही. आपल्याला ते अवघड जातं, मलाही जायचं, पण हा अनादर नव्हे. सूचीत सगळे एकाच रांगेत उभे असतात. तुकाराम, जनाबाई यांसारख्या नावांना आडनाव लावत नाहीत. तिथे फक्त नाव, पुढे काही नाही.

मग येतं पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी यांचं प्रकरण. मजकुरात अचानक ‘एस. पाटील, २०१५’ असं आद्याक्षरासह दिसायला लागतं आणि विद्यार्थी ते हाताने पुसत बसतात. झोटेरो पुन्हा आणून ठेवतं. एकाच आडनावाचे दोन वेगळे प्रथम लेखक सूचीत असतील तर आद्याक्षर देणं हा नियमच आहे, तेव्हा ते राहू द्या. पण पुष्कळदा माणूस एकच असतो, एका नोंदीत पूर्ण नाव आणि दुसऱ्या नोंदीत आद्याक्षर, म्हणून संगणक त्यांना दोन माणसं समजतो. दोन्ही नोंदींत नाव सारखं करा, आद्याक्षर आपोआप जाईल. पाटीलचं रोमन लेखन एकदा दीर्घ ‘ई’ने आणि एकदा ऱ्हस्व ‘इ’ने झालं असेल तरी हेच होतं आणि क्रमही मोडतो. लेखकाने स्वतः रोमनमध्ये नाव कसं लिहिलंय ते पुस्तकाच्या आत बघा आणि तेच घ्या.

इंग्रजी निबंधात मराठी पुस्तकाची नोंद कशी करायची, हा मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. शीर्षकाचं रोमन लिपीत लिप्यंतर, पुस्तक असेल तर तिरप्या टाईपात. त्यापुढे चौकटी कंसात शीर्षकाचा इंग्रजी अनुवाद, तो तिरपा नाही. लेखाच्या बाबतीत लेखाचं शीर्षक साधं, नियतकालिकाचं नाव तिरपं, आणि नियतकालिकाच्या नावाचा अनुवाद करायचा नाही. ‘समाज प्रबोधन पत्रिका’ हे नाव लिप्यंतरातच राहील. अनेकजण नुसता इंग्रजी अनुवाद देतात आणि मूळ शीर्षक गाळतात. त्या नावाचं पुस्तक जगात कुठेच नसतं, आणि वाचक ग्रंथालयात शोधत राहतो. मूळ शीर्षक कधीही गाळू नका.

लिप्यंतराची एक पद्धत निवडा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय सूचींत ‘समाज’च्या शेवटी ‘ए’ अक्षर जोडलेलं असतं, कारण तिथे लिहिलेला अकार उतरवतात. आपण बोलतो तसं लिहिलं तर ते अक्षर येत नाही. दोन्ही चालतात, सरमिसळ चालत नाही. अक्षरांवरची चिन्हं दिलीत तर वर्णक्रम लावताना ती धरायची नाहीत.

आणखी एक चूक आपल्या डोळ्यांना सहज दिसत नाही, कारण देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरं हा भेदच नाही. एपीएच्या सूचीत पुस्तकाच्या आणि लेखाच्या शीर्षकातला फक्त पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा (:) पहिला शब्द आणि विशेषनामं मोठ्या अक्षराने सुरू होतात. नियतकालिकाच्या नावातले मुख्य शब्द मात्र सगळे मोठ्या अक्षराने. संकेतस्थळांवरून आपोआप घेतलेल्या नोंदींत शीर्षकाचा शब्दन् शब्द मोठ्या अक्षराने येतो, आणि झोटेरोची एपीए स्टाइल तो लहान करून देत नाही. शीर्षकाच्या रकान्यावर उजवं बटण दाबलं की ‘सेंटेन्स केस’ करण्याची सोय आहे. ते केल्यावर विशेषनामं पुन्हा मोठी करायला विसरू नका, नाहीतर महाराष्ट्राचं पहिलं अक्षरही लहान होऊन राहतं.

सालांचा घोळ

जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेला असतो. सूचीत इसवी सन लागतो. चैत्र ते मार्गशीर्ष असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९, पौष असेल तर नेमकी तारीख बघा. महिना छापलेलाच नसेल तर ग्रंथालयाच्या नोंदीतलं साल घ्या. शके १७९५ हा आकडा जसाच्या तसा सूचीत आला तर वाचक पुस्तक सत्तर-ऐंशी वर्षं मागे नेऊन ठेवील.

पुनर्मुद्रणाचं साल हे आवृत्तीचं साल नव्हे. तुमच्या हातातली प्रत तिसऱ्या आवृत्तीचं पाचवं पुनर्मुद्रण असेल तर साल तिसऱ्या आवृत्तीचं.

जुनं लेखन नव्या संपादित खंडात वाचलं असेल तर दोन्ही सालं द्यायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातल्या जातींवरचा निबंध त्यांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचला, तो १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला, आणि आपण बहुतेकजण तो महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ साली काढलेल्या पहिल्या खंडात वाचतो. मजकुरात ‘आंबेडकर, १९१७/१९७९’ असं लिहायचं आणि सूचीतल्या नोंदीच्या शेवटी कंसात मूळ प्रकाशनाचं साल. नुसतं ‘आंबेडकर, १९७९’ लिहिलेले निबंध मी दर वर्षी वाचतो. १९५६ साली निधन झालेल्या माणसाचा विचार १९७९चा म्हणून मांडला जातो, आणि पंचविशीतल्या एका विद्यार्थ्याने जागतिक पातळीवर केलेली मांडणी किती आधीची होती हेच वाचकाला कळत नाही. इथे मांडणीचा नियम इतिहासाची राखण करतो.

दिवाळी अंकाला खंड-अंक क्रमांक नसेल तर तो शोधत बसू नका किंवा मनाने घालू नका. साल आणि ‘दिवाळी’ एवढं कंसात पुरतं.

मजकुरातले उल्लेख, अनुवाद आणि मुलाखती

आधी दिलेल्या संदर्भाकडेच बोट दाखवणारे, मराठी प्रबंधांतून आलेले ‘तत्रैव’ आणि ‘उनि’ एपीएमध्ये नाहीत. दर वेळी आडनाव आणि साल. तळटीप फक्त जास्तीच्या स्पष्टीकरणासाठी, संदर्भासाठी नाही.

४० शब्द किंवा त्याहून मोठं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, पूर्ण परिच्छेद अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. एवढ्यावर सगळे येतात, पण पुढचं कुणी सांगत नाही. मराठी पुस्तकातला उतारा तुम्ही स्वतः इंग्रजीत आणलात तर एपीएच्या दृष्टीने ते अवतरण नाही, तो तुमच्या शब्दांतला आशय आहे. त्याला अवतरणचिन्हं लागत नाहीत. लेखक आणि साल हवंच. पृष्ठक्रमांक सक्तीचा नाही, पण मी तो द्यायला सांगतो, कारण मराठी वाचक मूळ पानावर जाऊन तुमचा अनुवाद तपासू शकतो.

तुमच्या संशोधनात सहभागी झालेल्या माणसांची वाक्यं सूचीत जात नाहीत, आणि ‘व्यक्तिगत संवाद’ म्हणूनही नोंदवायची नाहीत. ती तुमची सामग्री आहे. पद्धतीच्या भागात मुलाखती कुठल्या भाषेत घेतल्या, अनुवाद कुणी केला, नावं बदलली का, हे सांगा आणि पुढे टोपणनावाने उद्धृत करा. व्यक्तिगत संवाद म्हणजे संशोधनाबाहेरच्या कुणी तुम्हाला पत्रात, फोनवर किंवा मेलमध्ये सांगितलेली गोष्ट. तिचा उल्लेख फक्त मजकुरात, तारखेसह.

तक्त्यांचं थोडक्यात: ‘तक्ता १’ ठळक, त्याखालच्या ओळीत शीर्षक तिरपं, उभ्या रेघा नाहीत, टीप खाली. आकृतीलाही आता क्रमांक आणि शीर्षक वरच.

शोधगंगेवरचा प्रबंध वापरला असेल तर चौकटी कंसात पदवी आणि विद्यापीठ, मग शोधगंगा हे भांडाराचं नाव आणि दुवा. प्रबंधाचं साल मुखपृष्ठावरचं, अपलोड झाल्याचं नाही.

पाठवण्याआधी

झोटेरोच्या नोंदी जिवंत असतात. अंतिम प्रत करताना आधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जतन करा, मगच दुसऱ्या प्रतीत सगळं निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ९ दाबा. दुवे तुटून साधा मजकूर उरतो, आणि तो नियतकालिकाच्या संगणकावर बदलत नाही. हे परत फिरवता येत नाही, म्हणून जिवंत प्रत हाताशी हवी. समीक्षकांच्या सूचना आल्या की काम तिच्यातच करायचं असतं.

मग सूची छापून घ्या. एक जण मजकुरातला प्रत्येक उल्लेख वाचेल, दुसरा सूचीत त्यावर खूण करेल. खूण न झालेली नोंद सूचीतून काढा. सूचीत नसलेला उल्लेख सापडला तर नोंद भरा. पीडीएफ करताना फाँट त्यात अंतर्भूत करा आणि ती मराठी फाँट नसलेल्या मोबाइलवर एकदा उघडून बघा. रफार जागच्या जागी दिसला की पाठवा.